ब्रेकला कुंकू

आमचे हे, सुहास, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहेत आणि स्वतःच्या मते सगळ्यातले इंजिनियर. सावेडीत आमच्या घरी कुठलीही वस्तू बिघडली की मिस्त्री येत नाही, हेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात. गिझर यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून नळाला हात लावायची आम्हाला धास्ती. मिक्सर दुरुस्त केला, तो भंगारवाल्यानंसुद्धा नाक मुरडून नेला. पण माणसाला लाज म्हणून नाही!

परवा आमच्या व्हॅनचे मागचे ब्रेक लागेनात. माझ्या भाचीचं केळवण पाथर्डीला, म्हणजे वाटेत करंजी घाट. मी म्हटलं, "अहो, गॅरेजला टाका."

"गॅरेजवाल्यांना काय कळतं? मी मोबाईलवर सगळं बघितलंय."

झालं. सकाळीच पोर्चमध्ये गाडी जॅकवर. हातोड्यानं बडवून बडवून मागच्या चाकांचे ड्रम काढले, जुने ब्रेक शू काढले. सगळ्या गल्लीला कळावं म्हणून मध्येच मोठ्यानं "हां, बरोबर!" असं ओरडायचे. कोणी विचारलंय का?

नवे शू हातात घेतले नि यांना धर्म आठवला. आमच्याकडे नवी वस्तू कुंकवाशिवाय वापरत नाहीत. फ्रिजवर स्वस्तिक आहे, कुकरवर आहे, इन्व्हर्टरवरसुद्धा आहे. वाटीत गोडेतेलात कुंकू कालवलं आणि जो भाग ड्रमला घासून चाक थांबवतो त्याच भागावर, चारही शूंवर, बोटानं चांगली ठसठशीत स्वस्तिकं काढली.

"अहो, तेल लावलंत तर शू चाक धरणार कसे?"

"तेल लोखंडाला चांगलंच असतं. तू पोळ्यांचं बघ."

एवढी अक्कल पाजळणाऱ्या माणसापुढे काय बोलणार? कप्पाळ!

दुपारी सगळं बसवून यांनी नारळ फोडला. आमची ईरा, बारावीतली, नवा ड्रेस घालून मागच्या सीटवर जाऊन बसली. यांनी गाडी फाटकाच्या उतारावर आणली, त्याच मागच्या शूंवर चालणारा हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली आणि कौतुक करून घ्यायला खाली उतरले. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघितलंस?"

बघितलं ना! त्यांच्या पाठीमागे गाडी हळूच निघाली, ईराला घेऊन. मी किंचाळले, हे नुसतेच "अगं, अगं" करत गाडीमागे धावले. समोरच्या बांधकामाच्या वाळूत चाकं रुतली म्हणून ती थांबली.

माणसानं निदान पोरीला विचारावं, लागलं का म्हणून. यांनी आधी बंपर बघितला.

"उतारच जास्त आहे," हे म्हणाले. "घाटात काय, पायाचा ब्रेक असतोच. चल, बस, उशीर होतोय."

आणि पुन्हा जाऊन स्टिअरिंगवर बसले! मला इतकी किळस आली त्या माणसाची. मी मागचं दार उघडलं. ईरा पांढरीफटक पडली होती, पण हलेना.

"उतर," मी म्हटलं.

"आई, नको ना," ती हळूच म्हणाली, "बाबांना वाईट वाटेल. तूपण बस."

मी तिचा दंड धरून तिला खाली ओढली.

"वाटू दे," म्हटलं.