दुसऱ्यांदा दिलेला आवाज

माझ्या सासूबाईंचा आवाज मी एका कंपनीला देऊन टाकला, तोही त्यांना न विचारता. जाणूनबुजून केलं नाही हे खरं, पण केलं मीच. आजही कुणी आमच्या प्रोजेक्टचं कौतुक करायला लागलं की मला आधी तेच आठवतं.

प्रोजेक्ट साधा होता. संगणकाच्या पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते दृष्टिहीन माणसाला वाचून दाखवणारा एक प्रोग्राम. फुकट, आणि त्याचा सगळा कोड जगासाठी खुला. आम्ही पंधरा-वीस जण तो बनवत होतो, कुणी पुण्यात, कुणी कोल्हापुरात, कुणी पार परदेशात. मी लखनऊत. नवरा रेल्वेत इंजिनीअर, म्हणून आम्ही इथे आलो आणि जानकीपुरमला घर घेऊन राहिलो. पोटापाण्यासाठी मी गोमती नगरच्या एका ऑफिसात विम्याचं सॉफ्टवेअर लिहीत असे. प्रोजेक्टचं काम रविवारी सकाळी, आणि रोज डबे भरण्याच्या आधीचा तासभर. त्याचा एक पैसा मिळत नव्हता आणि कुणाला नकोही होता.

शिस्त मात्र आमची भयंकर. कुणी कोडमध्ये एक जादा मोकळी जागा सोडली तरी त्याचं काम परत पाठवायचं. स्वल्पविरामावरून दोन-दोन दिवस वाद चालत. त्यात मी सर्वांत खाष्ट. नव्या पोरांनी माझ्या पाठीमागे मला काय नाव ठेवलं होतं ते मला कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच होता.

त्या वेळी प्रोग्रामचा मराठी आवाज अगदी वाईट होता. ‘चमचा’ आणि ‘जरा’ हे शब्द तो असे उच्चारायचा की चारबाग स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाई अचानक मराठी बोलायला लागल्यात असं वाटे. परभणीकडे अंध मुलांची एक शाळा आहे. तिथले एक शिक्षक, स्वतः दृष्टिहीन, आमचा प्रोग्राम मुलांना शिकवत. त्यांनी एकदा फोन करून सांगितलं की मुलं आवाज ऐकून हसत सुटतात आणि धडा बाजूला राहतो. फोन ठेवला तेव्हा स्वयंपाकघरातून सासूबाई कामवालीला हिंदीत आणि मला मराठीत एकाच दमात सूचना देत होत्या. दोन्ही भाषांतला शब्द न् शब्द स्वच्छ. अमरावतीला मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. आवाज शोधायला बाहेर जायची गरजच नव्हती.

त्या हिवाळ्यात आम्ही सामानाच्या खोलीत भिंतींना रजया टांगल्या आणि त्यांनी रोज थोडी थोडी वाक्यं वाचली. हजारो वाक्यं. बाहेर धुकं, आत रजयांची ऊब, हातात आल्याचा चहा. त्यांना ते काम फार आवडलं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी आपलं ऐकतंय, असं त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. पुढे परभणीची मुलं त्यांना ‘संगणकातल्या बाई’ म्हणायला लागली.

त्याच हिवाळ्यात प्रोजेक्ट ज्याने सुरू केला होता त्याने एक करारपत्र आणलं. जो काम देईल त्याने आपले हक्क प्रोजेक्टच्या नावे करायचे. पुढेमागे कटकट नको म्हणून, एवढंच कारण सांगितलं होतं. आम्हाला ते पटलं. आणि मला तर उत्साह फार. मी लगेच एक छोटा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लिहिला. करारपत्राखाली ज्याने खूण केली नसेल त्याच्या कामापुढे तो लाल फुली मारायचा, काम आत घ्यायचा नाही, आणि दर तीन दिवसांनी आठवण करून द्यायचा. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. पंधरवड्यात सगळ्यांच्या खुणा झाल्या. राहिलं एकच नाव, सासूबाईंचं. त्या दिवशी त्या इथल्या मराठी मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. माझ्यासमोर लाल फुली होती, आणि लाल फुली मला बघवत नाही. त्यांचं खातं मीच उघडलेलं, पासवर्ड मलाच ठाऊक. मी खूण केली, फुली गेली, आवाज आत घेतला गेला. करारपत्र एका पानाचं होतं. त्यांच्या वेळी मी ते वाचलं नाही आणि माझ्या वेळीही वाचलं नव्हतं.

दोन वर्षांनी, एप्रिलच्या शेवटी, प्रोजेक्ट सुरू करणाऱ्या त्या गृहस्थाचं लांबलचक पत्र आलं. आपला प्रोजेक्ट आता कंपनी होतोय. जुना कोड खुलाच राहील, कारण त्याचं लायसन्स मागे घेता येत नाही. पुढच्या आवृत्त्या विकत. इथवर मी रागावले, पण घाबरले नाही. सगळ्यात खाली दोन ओळी होत्या. आवाजांचे हक्क करारपत्राप्रमाणे कंपनीकडे आहेत, आणि यापुढे ते फुकट उतरवून घेता येणार नाहीत. त्या दोन ओळी मी पुन्हा वाचल्या. कोडला लायसन्स होतं, आवाजांना आम्ही कुणी कधी ते लावलंच नव्हतं.

त्याच दिवशी परभणीच्या सरांचा फोन आला. शाळेला नवे संगणक मिळाले होते. जुने काढून टाकले होते. नव्यांवर आवाज चढवायचा तर आता दर संगणकामागे दर वर्षी पैसे भरायचे होते आणि शाळेला ते झेपणारं नव्हतं. सर चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

“मॅडम, जूनमध्ये शाळा उघडेल,” ते म्हणाले. “संगणक सुरू होतील, पण बोलणार कोण?”

रविवारी सकाळी आम्ही सगळे पडद्यावर भेटलो. एकाने सरळ शिव्या दिल्या. एक जण कॅमेरा बंद करून बसला होता. त्याने कंपनीत नोकरीसाठी अर्ज केल्याचं नंतर कळलं. कंपनी काढणारा सांगत होता की आठ वर्षं फुकट राबून तो थकलाय, घरात दोन आजारी माणसं आहेत. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी आवाज चढवून विचारलं की निदान मराठी आवाज सोडता येईल का. तो शांतपणे म्हणाला की पैसे गुंतवणारे तयार नाहीत, आणि खुणा तर सगळ्यांनी स्वतः केल्या आहेत. मग कोल्हापूरच्या मुलीने विचारलं, तो आठवण करून देणारा बॉट कुणी लिहिला होता. मी लिहिला होता, असं मी सांगितलं.

त्या दिवशी नऊ जण राहिलो. शेवटची खुली आवृत्ती घेऊन, नाव बदलून, पुढे चालवायची असं ठरलं. सगळ्यांनी कामं वाटून घेतली. आवाजाचं मी माझ्या अंगावर घेतलं. दुसरं कुणी ते घेऊन चाललंच नसतं.

सासूबाईंना सांगायला मला आणखी एक दिवस लागला. त्या लोणच्यासाठी कैऱ्या चिरत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. विळीवरचा त्यांचा हात थांबला नाही.

“माझ्या नावापुढे तू खूण केलीस?”

“हो, आई.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

त्यांनी सगळ्या कैऱ्या संपवल्या, विळी धुतली आणि खोलीत गेल्या. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी नवऱ्यामार्फत बोलल्या. तिला म्हणावं दूध आलंय. तिला म्हणावं भाजीत मीठ कमी आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. भांडणं पुष्कळ झाली, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहाटे खडखड ऐकून मी उठले. सासूबाई ट्रंकेतून रजया काढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जूनला किती दिवस आहेत?”

नवरा डोळे चोळत आला. या वयात, इतक्या गर्मीत, यार आई, असं काहीतरी म्हणायला लागला. तू तुझ्या गाड्या वेळेवर चालव, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं.

मे महिन्यात लखनऊत बंद खोलीत बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. भिंतींना रजया, आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर ध्वनिमुद्रणात येते. कूलर तर दूरच. आम्ही पाचला सुरुवात करायचो. सातच्या पुढे गल्लीत लाउडस्पीकर लावलेली सब्जीवाल्याची ई-रिक्षा यायची. एकदा काम लांबलं तेव्हा सासूबाई स्वतः फाटकापाशी गेल्या आणि, भैया, आधा घंटा चुपचाप बेचिए, असं सांगून आल्या. त्याने ऐकलं. पुढे तो आमच्या घरासमोर रोजच आवाज बंद करायचा. मानेवर ओला पंचा टाकून त्या वाचत, मी समोर जमिनीवर हेडफोन लावून ऐकत असे. घामाने कागद हाताला चिकटत.

त्यातच एक अडचण निघाली. दरम्यानच्या दोन वर्षांत त्यांना कवळी बसली होती. ‘स’ आणि ‘श’ म्हणताना शिट्टी वाजायची. बोलताना लक्षात येत नसे, हेडफोनमध्ये मात्र साफ ऐकू येई. सांगू की नको असं मला झालं. गप्प बसून फसवायचं आता मला जमणार नव्हतं, म्हणून सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकवायला लावलं, मान हलवली, आणि त्याच दिवशी मला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे निघाल्या. डॉक्टर तरुण होता, बिचारा फार आदबीने वागायचा.

“माताजी, खाना तो ठीक से खा पा रही हैं न?”

“खाने का छोड़िए, डॉक्टर साहब. मुझे बोलना है.”

कवळी तीनदा घासून घेतली. दर वेळी त्या खुर्चीत बसून ‘शेवंतीची सहा फुलं’ म्हणून दाखवत आणि तो काही न कळता कान देऊन ऐकत असे. तिसऱ्या खेपेला शिट्टी गेली. पहिली शंभरेक वाक्यं टाकून द्यावी लागली. ती त्यांनी पुन्हा वाचली.

एका सकाळी वाचता वाचता त्यांना घेरी आली. मी त्यांना बाहेर पलंगावर निजवलं, लिंबूपाणी दिलं आणि म्हटलं, आता पुरे, निम्म्या वाक्यांवरही आवाज तयार होतो, जरा खडबडीत होईल एवढंच. ते खोटं नव्हतं. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं की परभणीच्या पोरांनी निम्म्या मराठीवर भागवायचं का. दुसऱ्या दिवशी पाचला त्या खोलीत हजर होत्या. मला वाईट वाटत होतं आणि त्यांचा हेवाही वाटत होता. इतक्या वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये मी एखाद्या गोष्टीसाठी अशी हटून बसले नव्हते.

बाकीचे आठ जणही जुंपले होते. कोल्हापूरची मुलगी प्रत्येक वाक्य ऐकून श्वासाचे, खोकल्याचे तुकडे काढत होती. दुसरे नव्या संगणकांवर प्रोग्राम चालवून पाहत होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आवाज तयार झाला. वयाने जरा जाड झालेला, पण त्यांचाच. सरांना एक नमुना पाठवला. आता घाई करा, एवढंच त्यांनी कळवलं.

नव्या प्रोजेक्टमध्ये मी बॉट ठेवला नव्हता. नियम एकच होता: जो देतोय त्याने लायसन्स पूर्ण वाचायचं आणि खूण स्वतः करायची. सासूबाईंसाठी मी ते मराठीत उतरवलं होतं, चार पानं झाली. दुपारची वेळ होती, नवरा ऑफिसात. त्यांनी चष्मा लावला, हातात पेन्सिल घेतली आणि पेपर तपासायला बसल्यासारख्या वाचायला लागल्या. दोन ठिकाणी माझी वाक्यं दुरुस्त केली. तिसऱ्या पानावर थांबल्या.

“म्हणजे हा आवाज कुणीही घेऊ शकतं?”

“कुणीही.”

“ती कंपनीसुद्धा?”

हा प्रश्न येणार हे मला महिनाभर माहीत होतं. कुणाला वगळता येईल असं ते लायसन्सच नव्हतं. शाळेला आठवडा उरला होता आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर त्यांना दोष द्यायला मला तोंड नव्हतं. कंपनीला जुना आवाज आहेच, ती नवा कशाला घेईल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती.

“हो, तीसुद्धा,” मी म्हटलं. “घेऊ शकते, विकू शकते.”

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

“आणि पोरांकडून काढून घेऊ शकते?”

“नाही. कुणालाच ते करता येणार नाही. मला नाही आणि तुम्हालाही नाही.”

“मलाही नाही,” त्या स्वतःशी म्हणाल्या. मग उरलेलं दीड पान त्यांनी तितक्याच सावकाश वाचून संपवलं आणि खूण कुठे करायची ते विचारलं. मी पडद्यावरची चौकट दाखवली. सवयीने माझा हात माउसकडे गेला.

“हात काढ,” त्या म्हणाल्या.

मी हात मांडीवर घेतला. त्यांना माउसची सवय नव्हती. बाण चौकटीच्या पुढे गेला, मागे आला, पुन्हा खाली घसरला. मी हात मांडीवरच ठेवला आणि बाण चौकटीत जाण्याची वाट बघत बसले.