नेच्याच्या पानामागच्या रेघा

बायकोनं तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि शुगरनं तिचे डोळे नेले. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. मग सगळं माझ्याकडं आलं: स्वैपाक, इन्सुलिन आणि हिचा तो नेचा.

ना फूल ना फळ, नुसतं पानांचं झाड. दौलताबाद रोडवरच्या नर्सरीतून आणलं, तेव्हा हिनं नाव विचारलं. नर्सरीवाला म्हणाला, "बाई, शो का झाड है, और क्या." हिला ते लागलं. घरी आल्यावर हातभर लांब, पट्ट्यासारखी पानं चाचपून म्हणाली, "यातल्या दोन जाती अगदी सारख्या. पानामागं रेघा उमटल्या की त्या कुठवर जातात ते बोटानं बघून सांगते कोणती ते." डोळे गेल्यापासून हिनं स्वतःहून धरलेला हट्ट तेवढा एकच. रोज विचारायची, "आल्या का हो?"

पडेगावच्या उन्हात नेचा जगवायचा म्हणजे नसती पीडा. नळ आठवड्यातनं एकदा, आणि बोअरचं पाणी खारं, त्यानं पानांचे शेंडे जळतात. म्हणून शेजारच्या खालांच्या, म्हणजे मावशींच्या, एसीचं गळणारं पाणी मी बादलीनं आणायचो, कुंडी कुलरसमोर सरकवायचो. लई थकलो होतो. कधी कधी वाटायचं, मरू दे एकदाचं.

एका सकाळी पान उलटलं तर मागं तपकिरी काहीतरी बसलेलं. रेघा म्हणजे शिरांसारखं हिरवं काही असेल, अशी माझी समजूत. ही तर कीड. कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी आणि फडकं घेऊन दोन तास एकेक पान घासलं. वर फुशारकीनं सांगितलं, "कीड लागली होती तुझ्या झाडाला. साफ केली."

"कशी होती?"

"भुकटीसारखी. तपकिरी. तिरक्या ओळीत."

ती म्हणाली, "अहो, कीड पट्टी लावून ओळीत बसते व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: त्याच तिच्या रेघा होत्या, नेच्याच्या बीजाणूंच्या. तिनं पानामागून बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं, दुसरं काही नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नव्या पानाला रेघा यायला वर्ष तरी जाणार, आणि तिच्या बोटांची टोकं शुगरनं आत्ताच बधिर व्हायला लागली होती. माझी मलाच चीड आली.

"तुम्हीच पुसलंत ना?" ती म्हणाली. "मग तुमच्या हाताला ठाऊक असेल. दाखवा."

मी तिचं बोट धरलं. मधल्या शिरेपासून तिरकं कडेकडं नेलं आणि अर्ध्यावर थांबलो.

"इथंच संपायची?"

"इथंच. सगळ्या."

"अ‍ॅस्प्लेनियम नायडस," ती म्हणाली. वर्गात सांगतात तसं, सावकाश, दोनदा. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला माझी बोटं नाय चालली तर तुम्हीच बघा."

मला रडू आलं. तिला दिसत नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. पण माझा हात तिच्याच हातात होता.