पोलिसांना गुन्हा शिकवायला गेली तेव्हा

हसायचं असंन तं आताच हसून घ्या, पुढे पुढे तुम्हालाच माझी दया यीन. फजित्या काय, माझ्या रोजच होतात. पण आता काय सांगू, ही फजिती झाली भर ठाण्यात! कोणतं ठाणं ते मात्र विचारू नका. मला अजून त्याच रस्त्यानं भाजी आणायला जावं लागते.

मी राहते सौसरला आणि बसनं अप-डाउन करून पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिकवते. विषय समाजशास्त्र, त्यातही अपराधाचं समाजशास्त्र. एक दिवस ठाण्याच्या मोठ्या साहेब, म्हणजे टी.आय. मॅडम, यांचा फोन.

"वानखडे मॅडम, शनिवारी आमच्या स्टाफपुढे थोडं बोलून द्या ना. गुन्ह्याकडे नव्या नजरेनं कसं पाहायचं, असं काही."

पोलीस! आणि मला ऐकणार! कॉलेजात माझं लेक्चर पोरं खिडकीतून बाहेर पाहून ऐकतात. इथे तं वर्दीतली माणसं ताठ बसून ऐकणार. मी तीन दिवस आरशापुढे भाषण केलं. घरच्यांनी आरसा झाकून ठेवला.

शनिवारी सकाळी म्हटलं, भाषणासाठी आधी जामसांवलीला हनुमानाचं दर्शन घेऊ, मग ठाण्यात जाऊ. काढली स्कूटर आणि निघाली. शनिवारची गर्दी तुम्हाला माहीत आहे. गाड्यांच्या रांगेत कशीबशी माझी गाडी घुसवली. तेवढ्यात बाजूला एक माणूस उभा दिसला. पन्नाशीचा, दाढीचे खुंट, चुरगळलेला शर्ट, गळ्यात गमछा. तो एकदा माझ्या गाडीकडे पाहे, एकदा माझ्याकडे.

"बाई, हे गाडी तुमचीच हाय का?"

आता सांगा, असं कोण विचारते? ज्याला चोरायची आहे तोच ना! मी पर्स छातीशी धरली, "हो, माझीच आहे, काहून?" असं कडक आवाजात म्हटलं आणि उत्तर न ऐकता आत गेली. देवापुढे हात जोडले तेव्हा भाषण बाजूलाच राहिलं. म्हटलं, बजरंगबली, गाडीवर लक्ष ठेव!

बाहेर आली तं तो माणूस नाही, आणि गाडी जागच्या जागी. जीव भांड्यात पडला. हँडलला झेंडूचा हार घातलेला होता. म्हटलं, वा! गाडीलाही हार घालून देतात आता. आरसा जरा वाकडा वाटला, कोणी धक्का मारला असंन. सीटही दबलेली वाटली, पण म्हटलं माझंच वजन आहे, तक्रार कोणाकडे करायची? चाबी थोडी अडकली, फिरवली जोर लावून, गाडी सुरू. हार हलवत हलवत मी थेट ठाण्याच्या आवारात!

टी.आय. मॅडमनं स्वागत केलं. खोलीत आठ-दहा शिपाई आणि पहिल्या खुर्चीवर मुन्शीजी, म्हणजे ठाण्यातलं सगळं लिखापढीचं काम पाहणारे हवालदार. मी सुरू झाली, आणि अशी रंगली की विचारू नका!

"पहिलेचे विद्वान," मी म्हटलं, "चोराचं डोकं मोजत होते. जबडा मोठा, कान असे, म्हणजे हा जन्माचाच चोर! इंग्रजांनी तं अख्ख्या जमातीच कागदावर गुन्हेगार करून टाकल्या. पाळण्यातलं लेकरूही गुन्हेगार!"

"बापा!" एक शिपाई बोलला.

"मग दुसरे आले. ते म्हणे, डोकं नका मोजू, गरिबी पाहा, संगत पाहा, वस्ती पाहा. आणि मग आले तिसरे. त्यांनी सवालच उलटा केला. म्हणे, चोराला पाहून पाहून थकलो, आता त्याला चोर म्हणणाऱ्याला पाहू. कायदा बनवला कोणी? पोलिसाची नजर कोणावर जाते? एकच काम दोघांनी केलं, तं एकाची चोरी अन् एकाची गलती, हे ठरवते कोण?"

मुन्शीजी मान हलवून राहिले होते. बाहेर वरांड्यात बाकावर केव्हाचं कोणी तरी येऊन बसलं होतं, दारातून त्याचे फक्त पाय दिसत होते. म्हटलं, पाहा, बाहेरून लोक ऐकायला येऊन राहिले! माझा आवाज आणखी चढला.

"म्हणून सांगते, कोणाचे कपडे पाहून, दाढी पाहून, गमछा पाहून शंका घेऊ नका! ही नजर आपल्या आत बसलेली असते. तिला ओळखा! मी स्वतः—"

अन् माझी नजर खिडकीबाहेर गेली.

आवारात माझ्या गाडीजवळ तोच माणूस! तोच गमछा! वाकून डिक्की उघडून राहिला होता!

"चोर!" मी किंचाळली. "पकडा त्याला! जामसांवलीपासून माझ्या मागं आहे! मी तेव्हाच ओळखलं होतं, थोबाडच तसं आहे!"

हो. हेच शब्द. 'थोबाडच तसं आहे.' अर्धा तास नव्या नजरेवर भाषण देऊन!

दोन शिपाई धावले आणि त्या माणसाला दंडाला धरून आत घेऊन आले. तो बिचारा ना ओरडला, ना हात सोडवला. मला आणखी खात्री पटली. म्हटलं, पाहा, सराईत आहे!

"काय नाव?" टी.आय. मॅडमनं विचारलं.

"देवराव, मॅडम. मोहगावचा. शेती करतो."

"यांच्या गाडीची डिक्की काहून उघडत होता?"

"यायची नाई, मॅडम. गाडी माही हाय. मी तं चोरीची रपट लिवाले बसनं आलो होतो. सारे जण भाषणात होते, म्हून बसलो बाकावर. पानी प्याले उठलो, तं माही गाडी ठाण्यातच उभी! म्या म्हटलं, वा रे पोलीस, रपट लिवाच्या आंधीच गाडी सापडली!"

शिपाई हसायला लागले. मी हसली नाही. "खोटं बोलून राहिला हा! चाबी माझ्याजवळ आहे, हे पाहा!"

"चाबी मायाजवळबी हाय," देवराव म्हणाले.

टी.आय. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमच्या गाडीचा नंबर सांगा बरं."

नंबर! तुम्हाला पाठ आहे का तुमच्या गाडीचा नंबर? असंन. मला नव्हता. "शेवटी सात आहे," मी म्हटलं. "का एक आहे. तसंच काही तरी."

"आणि डिक्कीत काय आहे?"

"रेनकोट. आणि... पोरांच्या टेस्टच्या कॉप्या."

सगळे आवारात गेलो. मुन्शीजींनी नंबर मोठ्यानं वाचला. शेवटी चार. देवरावांनी डिक्की उघडली. आत रेनकोट नव्हता. रुमालात गुंडाळलेला, काडी तुटलेला बायकांचा चष्मा होता, आणि गाडीचं कार्ड. कार्डावर देवरावांचं नाव, नंबर तोच.

"बायकोचा चष्मा हाय," ते म्हणाले. "सौसरले दुरुस्तीले आणला होता. म्हटलं, जाता जाता दर्शन करू, नवा हारबी घालू गाडीले."

नवा हार! भुई फाटून मला पोटात घेईन तं बरं, असं वाटलं. पण ठाण्याच्या आवारात फरशी घातलेली होती.

"पण मग," मी कशीबशी बोलली, "तुम्ही मला तिथं काहून विचारलं, गाडी तुमची आहे का म्हणून?"

"तुमची गाडी माया गाडीले चिपकून लागली होती, बाई. दोन्ही एकसारख्या, राखडी रंगाच्या. म्या सांगनार होतो का जरा सरकवा, नाई तं बदलून जाईन. तुमी ऐकलंच नाई."

टी.आय. मॅडमनं जामसांवलीच्या एका प्रसादाच्या दुकानदाराला फोन लावला. माझी गाडी होती तिथंच उभी होती, रांगेत, बिनहाराची.

मी देवरावांपुढे हात जोडले. मनापासून जोडले. गाडी चुकली हे सोडा, पण चार माणसांत त्या माणसाच्या थोबाडावर बोलली होती मी. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "दादा, माफ करा. मी तुम्हाला काय काय बोलून गेली."

ज्या दंडाला शिपायांनी धरलं होतं, तिथं ते हात चोळत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं भाषण म्या बाहेरून पुरं ऐकलं. लय बरोबर बोलल्या तुमी. पाहा ना, म्या तुमची गाडी नेली असती तं चोरी झाली असती. तुमी माही नेली, तं गलती झाली."

कोणी हसलं नाही. ज्या दोघांनी त्यांना धरून आणलं होतं, त्यातल्या एकानं खुर्ची पुढे केली, दुसरा चहा सांगायला गेला. पीएचडी करताना चारशे पानं लिहूनही जे मला नीट सांगता आलं नव्हतं, ते देवरावांनी आवारात उभ्या उभ्या सांगून दिलं!

चहा झाला. देवराव म्हणाले, तक्रार नाही करायची, आणि वर मलाच म्हणाले, "चला, जामसांवलीले सोडून देतो. मांगं बसा." पण मुन्शीजी काही उठू देईनात.

"असं कसं, मॅडम? चोरीची गाडी ठाण्यात सापडली, दोन बयान तं लागतीनच." त्यांनी कागद काढला, चष्मा नाकावर घेतला. "नाव?"

सांगितलं.

"वय?"

सांगितलं. दोन वर्षं कमी करून. तेवढी तं सवलत पाहिजे ना!

"काम काय करता?"

"अपराध शिकवते," मी म्हटलं.

मुन्शीजींचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, बाहेरच्या गाडीकडे पाहिलं आणि अगदी काळजीच्या आवाजात विचारलं, "मॅडम, अपराध शिकवता असं लिहू, का अपराधाबद्दल शिकवता असं लिहू? मंग वरचे साहेब मला विचारतात."

मी म्हटलं, "मुन्शीजी, बाकी दिवसांचं दुसरं. आजच्या पुरतं पहिलंच लिहून टाका."