बेरिलबाई घर का सोडत नाहीत

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या गल्लीत कोणाच्या दारात नवी गाडी आली, कोणाची सून रुसून माहेरी गेली, हे मला विचारावं. आमचे हे, राजीव, मला 'घरचं आकाशवाणी केंद्र' म्हणतात. पण शेजारच्या बेरिलबाईंबद्दल या केंद्रावरून बरीच वर्षं खोटी बातमी गेली.

बेरिलबाई पासष्टीच्या. नवरा वारलेला. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर कस्टर्ड ढवळून रिटायर झालेल्या. मुलगी डेव्हनला समुद्राजवळ राहायला बोलावून थकली, पण या हलायला तयार नाहीत. गुडघे जिन्याशी भांडतात, बॉयलर दर थंडीत संपावर जातो, तरी हेच घर.

"काय पुरून ठेवलंय इथे, बेरिलबाई?" मी कुंपणावरून विचारायची.

"आधीच्या शेजारणीला," त्या शांतपणे म्हणायच्या. "फार प्रश्न विचारायची."

दोन गोष्टी मला खटकायच्या. एक म्हणजे ही बाई संत्र्याला हात लावत नसे. नागपूरकरणीच्या घरात बसून संत्र्याला नाही म्हणायचं! आणि दुसरी, दर महिन्याला एक निळं एअरमेल पाकीट घेऊन पोस्टात जायची. एकदा मी रांगेत मुद्दाम तिच्यामागे उभी राहिले. पाकिटावर ऑस्ट्रेलिया! झालं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदक पोचायच्या आत माझी बातमी पोचली, की म्हातारीचं तिकडे कोणीतरी आहे.

होतंच. पण मला वाटलं तसं नाही.

२००४ च्या भाऊबीजेला मी संध्याकाळी मागच्या अंगणात निरांजन घेऊन उभी होते. माझा भाऊ यतीन नागपुरात. ज्या बहिणीचा भाऊ समोर नसेल तिनं चंद्राला ओवाळायचं, ही आमची रीत. कुंपणापलीकडून आवाज आला, "मीनाक्षी, आभाळाला काडी लावतेस का?"

मी रीत सांगितली. एरवी यावर चार कोट्या झाल्या असत्या. या वेळी बाई म्हणाल्या, "हे कोणीही केलं तर चालतं?"

"भाऊ असला की चालतं."

"आहे. म्हणजे, होता. क्लिफर्ड."

त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात, चहा निवत असताना, त्यांनी सगळं सांगितलं. आई क्षयानं गेली, वडिलांचा पत्ता नाही, दोघं अनाथाश्रमात. १९५० साली एक सूटवाले गृहस्थ आले. ऑस्ट्रेलियाला कोण येणार? तिथे घोड्यावरून शाळेत जायचं, आणि संत्री झाडावरून तोडून खायची. सहा वर्षांच्या क्लिफर्डनं हात वर केला. दहा वर्षांची बेरिल तेव्हा गोवर येऊन वेगळ्या खोलीत कोंडलेली. बारा दिवसांनी बाहेर आली, तर भावाच्या खाटेवर दुसराच मुलगा. भाऊ कुठाय विचारलं, तर उत्तर मिळालं, "उन्हात गेला."

लग्नानंतर हॅरोतलं घर घेतलं, तेव्हा त्यांनी आश्रमाच्या ऑफिसात नवा पत्ता देऊन ठेवला. भावानं कधी विचारलं तर सापडावा म्हणून. आश्रम पुढे बंद पडला, पण पत्ता तोच राहिला. निळी पाकिटं ऑस्ट्रेलियातल्या एकेका ऑफिसला जायची, या नावाचा मुलगा बोटीतून उतरला होता का विचारायला.

मी निमूटपणे दुसरं निरांजन लावलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत माझी बातमी मागे घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढच्या वसंतात, अशा पाठवलेल्या मुलांचा माग काढणाऱ्या एका संस्थेनं क्लिफर्डला शोधलं. पर्थजवळ राहत होता. त्याचं पत्र चार ओळींचं. 'माझी बहीण गोवरानं गेली असं मला सांगितलं होतं. माझं तिच्यासाठी रडून झालंय. तुम्ही तीच आहात हे कसं मानू? फोन करू नये.'

बाईंनी ते पत्र घडीवर घडी करून पर्समध्ये ठेवलं. त्याच्या दुसऱ्या पत्रात फक्त हवामान आणि कुत्रा. विमान त्याला डॉक्टरांनी बंद केलं होतं, आणि बाईंना त्यानं बोलावलंही नव्हतं.

भाऊबीज जवळ आली तेव्हा त्यांनीच विचारलं, "त्याला चंद्राचं लिहू?" मी ऐटीत मजकूर सांगितला, 'शुक्रवारी पाच वाजता चंद्र बघ. मीही बघेन.' खाली बाईंनी आपला फोन नंबर घातला. नागपूरचे साडेपाच तास मला झोपेतही पाठ. आमच्या आठ तास पुढे धावणारं पर्थचं घड्याळ मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला मी बाईंकडे ताट सजवत होते. बाहेर हॅरोचं नेहमीचं राखाडी आभाळ. फोन वाजला. बाईंनी उचलला, आणि खुर्ची चाचपत खाली बसल्या. मी लगेच स्पीकरचं बटण दाबलं. सवय!

"पाचपासून उभा आहे," एक जाडा, उन्हात वाळलेला आवाज. "पाचला इथे लख्ख ऊन होतं. दोन तासांनी दिसला आत्ता. उताणा पडलाय, होडीसारखा. आता काय करायचं असतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"डोक्यावर टोपी घाला म्हणावं!" मी ओरडले.

"हॅट चालेल?"

"चालेल!"

भर सकाळी मी निरांजन लावलं. बेरिलबाईंनी ते फोनभोवती ओवाळलं. तीनदा. पलीकडे कुत्रा भुंकत होता.

"बेरिल," तो मग म्हणाला, "मी हात वर केला तो संत्र्यांसाठी. तुला एक आणायचं होतं. तू आजारी होतीस ना."

हे गोवरातल्या बहिणीशिवाय कोणाला सांगेल?

फोन ठेवल्यावर बाईंनी माझ्या ताटातलं संत्रं उचललं. सोललं, निम्मं केलं. एक अर्धं हळूहळू खाल्लं, दुसरं फोनशेजारी ठेवलं. संध्याकाळी मी डबा न्यायला गेले तेव्हा ते तिथेच सुकत होतं, आणि बाई त्याच खुर्चीत.

"आता जा की डेव्हनला," मी म्हटलं. "सापडला ना भाऊ!"

"वेडी आहेस का?" त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे आता हाच नंबर आहे."