रोषणाईचा हुकूम आणि आमचा दरोगा

आमच्या नगरपालिकेत फायली कमी, किस्से जास्त. फायलींना वाळवी तरी लागते. किस्से दर दिवाळीला फराळ खाऊन आणखी गुटगुटीत होतात! बालाघाट जिल्ह्यातलंच गाव, पण नाव सांगत नाही. माणसं अजून रस्त्यात भेटतात.

साठ सालानंतरची गोष्ट. जबलपूरकडून नवे साहेब आले आणि पहिल्याच दिवाळीला त्यांनी हुकूम काढला. सणाची रोषणाई फक्त दिवाळीचे पाच दिवस. कंदील, तोरण, रांगोळी, काहीही घरापुढच्या नालीपलीकडे जायचं नाही. आणि अंगणात जे मांडाल ते सूर्य मावळायच्या आत उचलायचं.

हे सगळं बघायचं कोणी? आमचा सफाई-दरोगा रहांगडाले यानं. बिचारा टेम्परवारी! कटंगीची मुलगी ठरली होती, पण तिच्या बापानं साफ सांगितलं होतं, "नोकरी पक्की होईन तवाच लगन." पक्कं करायची सही साहेबांच्या हातात. मी आवक-जावक बाबू, बसायचो त्याच्या शेजारी. त्याचे उसासे मोजायला मलाच ठेवलं होतं जणू!

*

पहिलं लफडं पटले काकाजींचं. त्यांचा कंदील आंब्याच्या फांदीला. वारा आला की नालीपलीकडे, वारा गेला की अलीकडे.

रहांगडाले म्हणाला, "काकाजी, कंदील हद्दीबाहेर जाऊन राह्यला."

"मी कुठं नेऊन राह्यलो? वारा नेते. वाऱ्याले नोटीस दे!"

आता वाऱ्याचा पत्ता कुठून आणायचा? रहांगडाले वारा पडेपर्यंत कंदिलाखाली उभा राहिला. तोवर काकूंनी त्याला डबाभर चिवडा खाऊ घातला.

*

दुसरी भानगड गल्लीतल्या सुमनबाईंच्या रांगोळीची. रांगोळीतला मोर सुमनबाईंच्या अंगणात, पण पिसारा निम्मा नालीपल्याड!

"बाई, पिसारा कापा."

सुमनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "माझा मोर सरळ हाये. नाली वाकडी कोणं बांधली ते पहिले सांग!"

रहांगडाले तसाच परत आला. नाली कोणी बांधली ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि तो ठेकेदार त्या वेळी साहेबांच्या समोर बसून चहा पीत होता.

*

वैशाखात मेश्राम गुरुजींनी बुद्धपौर्णिमेला दारावर दिव्यांची माळ लावली. साहेबांनी दरोग्याला पिटाळलं, रोषणाई फक्त दिवाळीत!

गुरुजी शांतपणे म्हणाले, "हौ, मंजूर. फक्त साहेबाले इचारून ये, पौर्णिमा दिवाळीत सरकवता येते का?"

रहांगडालेनं खरंच जाऊन विचारलं! साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पानं उलटून पाहिली. दुसऱ्या दिवशी हुकमात बुद्धपौर्णिमेची ओळ वाढली. ती दाखवायला रहांगडाले स्वतः गेला आणि खीर खाऊन आला.

मी म्हटलं, "लेका, जिथं जातो तिथं खातो. पक्का झाल्यावर सदऱ्यात कसा मावशीन?"

"बाबूजी, पक्का तं होऊ द्या!" असं म्हणून त्यानं खिशातली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. कटंगीहून निरोप आला होता. मुलीचा बाप आता दिवाळीपर्यंतच थांबणार होता.

*

आता ती दिवाळी.

साहेबांनी लावलेली झेंडूची तोरणं गुरांनी खाल्ली. साहेब भडकले. गावातली सगळी मोकाट गुरं कांजीहाऊसात कोंडायचा हुकूम सुटला. आमच्या गावात गाईला मालक असला तरी ती मोकाटच! त्यामुळे पाडव्याच्या आदल्या दिवशी अख्खं गोधन कोंडवाड्यात.

पाडव्याला बायांनी रिवाजाप्रमाणे अंगणात शेणाचा गोवर्धन घातला, वर झेंडूची फुलं खोचली, पूजा केली. आता गाय त्यावरून चालून जायला हवी. गाय गेल्याशिवाय गोवर्धन उचलायचा नाही, हा पिढ्यानपिढ्यांचा नेम. आणि गाय कुठं? कोंडवाड्यात!

उन्हं कलायला लागली. साहेब गरजले, "रहांगडाले, सूरज डूबने से पहले एक भी आँगन में गोबर दिखा, तो अपनी नौकरी गई समझो!"

 मला रहांगडालेचं वाईट वाटलं हो! कुठल्याही अंगणात हात लावला तर बाया त्याला उभा सोडणार नव्हत्या. नाही लावला तर नोकरीही गेली, मुलगीही गेली.

त्यानं फावडं उचललं आणि सरळ साहेबांच्या बंगल्यावर गेला. मागोमाग मी. अंगणात गावातला सगळ्यात मोठा गोवर्धन, आणि साहेब नुकतेच येऊन व्हरांड्यात बसलेले!

"साहेब, कानून सबके लिए. इथूनच सुरू करतो."

तेवढ्यात बाईसाहेब बाहेर आल्या. दरोग्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाल्या, "गाय के बिना इसे किसी ने छुआ, तो रसोई आज से बंद. समझे आप?"

साहेबांनी सूर्याकडे पाहिलं, बाईसाहेबांकडे पाहिलं, मग चपला घातल्या.

कोंडवाड्याचा शिपाई सणाला बैहरला गेलेला, किल्ली त्याच्याच खिशात. शेवटी साहेबांनी आणि दरोग्यानं मिळून फाटक बिजागरीसकट उचललं. गुरं धडाधड आपापल्या घरच्या वाटेला लागली. साहेबांच्या विजारीवर चिखलाचे शिंतोडे. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, भिंतीआडचा मी काही दिसलो नाही, तेव्हा हळूच म्हणाले, "ये बात किसी को बताना मत, रहांगडाले."

रहांगडालेनं फाटक खाली ठेवलं, हात झटकले आणि अगदी अदबीनं म्हणाला, "पक्क्या नोकरीवाला माणूस कशाले सांगन, साहेब? पण मी तं अजून टेम्परवारी हावो!"