शालनचे छोटे मुकादम

दीड महिना झाला शालनला जाऊन. माझी बायको. त्याआधी इथं जपानात, सेंदाईच्या इस्पितळात एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "अहो, औषधं आता थांबवू या." मी नाही म्हटलं. साफ नाही...

मी सातवी शिकलेला. ती कुठवर शिकली ते मला धड सांगताही येत नाही. तिच्या विद्यापीठातल्या नोकरीपायी इकडं आलो आणि इमारतींभोवती चढून काम करायची परांची बांधायला लागलो. लोक विचारायचे, तुमचं दोघांचं जमतं कसं? जमायचं, कारण मला समजावून सांगायचा तिला कधी कंटाळा आला नाही. एकदा प्रयोगशाळेत नेऊन पडद्यावर पेशी दाखवली. जिवंत, सरपटत चाललेली. म्हणाली, हिच्या आतही परांचीच आहे, बारीक धाग्यांची. पुढं बांधत जाते, मागची सोडवते, तेच सामान पुन्हा पुढं. मी म्हटलं, "माणूस वर असताना खालनं परांची सोडवली तर आमचा मुकादम हाकलून देईल." एवढी हसली की तिचे विद्यार्थी वळून बघायला लागले. "हिचेही मुकादम आहेत," म्हणाली. "छोटी छोटी प्रथिनं. एक चालू झालं की पुढं बांधकाम, दुसरं चालू झालं की मागनं ओढ. पण काम झालं की त्यांनी बंद व्हायला हवं. ती बंद कशी होतात, तेच मी आयुष्यभर बघतेय."

दुखणं कॅन्सरचं निघालं तेव्हा डॉक्टरचं बोलणं माझ्या डोक्यावरनं गेलं. घरी येऊन मेथी निवडताना तिनंच सांगितलं. ह्याच प्रथिनांचं एक चुलत भावंड तिच्या स्वादुपिंडात चालू होऊन बसलं होतं. बंद व्हायचं नाव नाही. आवाज जरासुद्धा हलला नाही तिचा. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

इस्पितळात त्या सकाळी माझं ‘नाही’ ऐकून तिनं माझा हात धरला. "तुम्ही तरी त्या प्रथिनासारखं करू नका."

मग मी तिला घरी आणलं. तिच्या खोलीतच वारली, शांतपणे.

इथं दिव्याचं बटण बंद केलं की त्यावर हिरवा ठिपका लागतो, अंधारात सापडावं म्हणून. शालन खोलीतनं निघताना दिवा बंद करायचीच, मी आत बसलेलो असलो तरी. ती गेल्यावर तिच्या खोलीतला दिवा मी तसाच जळत ठेवला होता... काल संध्याकाळी जाऊन बंद केला. ठिपका लागला.