सूरच्या किनाऱ्यावर मार्वासाठी गाऱ्हाणं

गुरुवारची सुट्टी इथल्या शुक्रवार-शनिवारच्या साप्ताहिक सुट्टीला जोडून आली आणि कर्टिस म्हणाला, "यल्ला, कुठेतरी घेऊन चल. खोलीत बसलो तर फोनकडे बघून वेडा होईन." कर्टिस इथे आखातात, गालामधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये क्रेनचा मेकॅनिक, कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटाचा. त्या गुरुवारी त्यांच्याकडे संसदेची निवडणूक होती, तीही अचानक लागलेली.

दार्सैतच्या माझ्या घरून सकाळी निघालो. कुरियातच्या पुढे एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला निळं पाणी. न थांबता गेलात तर अडीच तासांत सूर. पण वाटेत वादी शाबला, डोंगरातल्या पाण्याच्या घळीपाशी, थांबाच. होडीवाला माणशी एक रियाल घेऊन पलीकडे नेतो नि आणतो. पुढे दगडांतून चालायचं असतं, चपला घालून जाऊ नका.

हिरव्या पाण्यात पाय सोडून बसल्यावर मी विचारलं, "तुमच्या सरकारची मुदत संपली होती का?"

"नाही. वर्ष बाकी होतं. पंतप्रधानांना वाटलं, आत्ता घेतली तर जिंकू."

"म्हणजे परीक्षा कधी, ते विद्यार्थ्यानेच ठरवायचं?"

"हो, अभ्यास झाला असेल त्या दिवशी!" तो हसला. मला काही ते नीट उमगलं नाही.

खरा गुंता पुढे होता. त्याची बहीण मार्वा उभी होती, आणि समोर त्यांचे सख्खे काका. वडील गेल्यावर त्यांनीच दोघांना वाढवलेलं. उभं राहण्यासाठी मार्वाने शाळेतली नोकरी सोडली होती. "हरली तर तिला बेट सोडून कामासाठी बाहेर जावं लागेल," कर्टिस म्हणाला. "मग आई एकटी."

"आमच्याकडे भावकीत अशी निवडणूक झाली की वर्षानुवर्षं एकमेकांच्या गणपतीलाही जात नाहीत."

"आमचं बेट लहान आहे रे. न भेटता राहायला जागाच नाही."

दुपारी सूरला पोचलो तेव्हा कर्टिसच्या बेटावर सकाळ होऊन मतदान सुरू झालं होतं. लाकडी जहाजं बांधतात तो कारखाना पाहिला आणि ऊन कलल्यावर किनाऱ्यावर गेलो. मी रुवीहून नारळ आणला होता. कोकणात आम्ही देवाला गाऱ्हाणं घालतो. एकाने मागायचं, बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचं.

"घाल," कर्टिस म्हणाला. "आमचा पाद्री काकांच्या बाजूचा आहे."

"बा देवा महाराजा, या मार्वाला यश दे."

"होय महाराजा!" तो मोठ्याने ओरडला. मग हळूच म्हणाला, "काका हरू नयेत, असंही सांग."

"अरे, जागा एकच ना?"

"एकच."

इतक्या वर्षांत देवापुढे असा अडलो नव्हतो. शेवटी दोन्ही मागितलं, चुकलंमाकलं पदरात घे म्हणालो आणि नारळ पाण्यात सोडला.

शुक्रवारी सकाळी बंदराजवळच्या मल्याळी कॉफी शॉपमध्ये बसलो होतो. पराठा आणि कडक चहा, दोघांचं पोट अर्ध्या रियालमध्ये भरतं. कर्टिसचा फोन वाजला. मार्वा जिंकली होती. मी त्याचा हात दाबला. त्याने लगेच आईला फोन लावला.

"आई काकांकडे आहे," तो म्हणाला. "ते जेवत नाहीत म्हणून निकाल लागताच भात घेऊन गेली. मार्वाला लोकांनी खांद्यावर घेतलंय, चौकात ढोल वाजतायत, आणि ती सगळ्यांना विचारतेय, आई कुठंय."

दुपारीच आम्ही परत निघालो.

घरी बायकोने दार उघडताच विचारलं, "अहो, जिंकली ना? मग चेहरा असा का?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी असते तर मीही त्या काकांकडेच गेले असते. पोरीजवळ अख्खा गाव होता."

तिचं चुकत नसेल. सूरचा रस्ता, पाणी, जहाजं सगळ्यांना आवडतील, जरूर जा. मी मात्र तिथून आल्यापासून त्या न पाहिलेल्या चौकातच अडकलोय. लोकांच्या खांद्यावरून मार्वाला किती लांबचं दिसत असेल, आणि तरी आई दिसत नसेल.